खाऱ्या पाण्याचा रंग

मी धंद्याने पेंटर. अकोल्यात 1987 पासून ब्रश हातात आहे. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाठीवरची अक्षरे, स्कूटरच्या नंबर प्लेटा, लग्नाचे मांजरपाटावरचे बॅनर, आणि एप्रिल जवळ आला की बाबासाहेब. 1991 साली जन्मशताब्दी होती तेव्हा तर फेब्रुवारीपासूनच रात्रीची झोप उडाली होती. प्रत्येक वस्तीला भिंत रंगवून हवी, प्रत्येक विहाराला बोर्ड हवा. त्या वर्षी माझ्या हातून किती बाबासाहेब उतरले त्याची मोजदाद नाही. निळा सूट, पांढरा सदरा, लाल टाय. चष्म्याच्या काचेवरचा पांढरा ठिपका मी सर्वांत शेवटी देत असे. तो ठिपका पडला की चेहऱ्यात जीव येई आणि मागे पाहत उभी असलेली पोरे आपोआप 'जयभीम' म्हणत. त्या आवाजाची मजुरी वेगळीच होती.

मग फ्लेक्स आला. आमच्याकडे 2003-04 च्या सुमारास त्याची यंत्रे दिसू लागली. जे चित्र काढायला मला चार दिवस लागत ते यंत्रातून अर्ध्या तासात बाहेर पडू लागले, आणि तेही माझ्यापेक्षा स्वस्त. पहिली दोन-तीन वर्षे जुनी गिऱ्हाइके भिडेखातर येत राहिली. पुढे तीही बंद झाली. माझ्या बरोबरीचा एक पेंटर ऑटो चालवू लागला, दुसऱ्याने भाजीची गाडी लावली. मी घरांना रंग द्यायला लागलो. पुट्टी, प्रायमर, वरून दोन हात. पोट भरले, खोटे कशाला बोलू? पण संगणक या वस्तूशी जे वैर जडले ते जडलेच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी लेकीशी जसा वागलो ते त्याशिवाय वाचकांना समजायचे नाही.

थोरल्या लेकीच्या हातात कला आहे हे ती पाचवीत असतानाच कळले होते. मी भिंतीवर खडूची दोरी मारायचो तेव्हा दोरीचे दुसरे टोक तिच्या हातात असायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत तिला 'अ' श्रेणी मिळाली. (ज्या पालकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला दहावीच्या निकालात 7 गुण वाढीव मिळतात, 'ब'ला 5 आणि 'क'ला 3. मुलांना बसवा या परीक्षांना.) बारावीनंतर तिने अमरावतीच्या चित्रकला महाविद्यालयात जायचे म्हटले तेव्हा नातेवाइकांनी तोंडे वाकडी केली. "बाप पेंटर होऊन काय उजेड पाडला की पोट्टीले बी तेच शिकवता?" असे माझ्या सख्ख्या भावाने विचारले. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. पण तिच्या आईने ऐकले नाही. लेक अमरावतीला गेली. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून समाजकल्याणच्या स्वाधार योजनेत अर्ज केला. त्या पैशांतून खोलीचे भाडे आणि खाणावळ भागली, आणि वाचलेल्यात तिने एक जुना लॅपटॉप घेतला.

तिसऱ्या वर्षाला असताना, 2023 च्या उन्हाळ्यात, ती घरी आली आणि लॅपटॉप उघडून बसली. त्याला एक काळी पाटी जोडलेली, हातात पेनसारखी काडी. पाटीवर काडी फिरवायची, रेघ मात्र पडद्यावर उमटायची. क्रिता नावाची प्रणाली वापरत होती, ती फुकट मिळते म्हणाली. मी मागे उभा राहून पाहत होतो. ती एक रेघ काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. कागद खराब होत नाही, रंग सांडत नाही, टर्पेंटाइनचा वास नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हे काय चित्र हाय?" मी म्हणालो. "ज्यानं बापाच्या हातचा ब्रश हिसकावला त्याच्याच घरी तू पानी भराले चालली."

ती काही बोलली नाही. लॅपटॉप बंद करून आईजवळ स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मी आजीच्या गावाले जाऊन राह्यली. तुमी येता का? मले विहिरीचं पानी गोळा करायचं हाय." रागाची भरपाई करायची संधी म्हणून मी गेलो. चित्राशी पाण्याचा काय संबंध, हे मला तेव्हा काडीचेही कळले नव्हते.

माझी सासुरवाडी दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. वऱ्हाडच्या बाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा असेल. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पूर्णा नदी. या नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत जवळपास नऊशे गावे अशी आहेत की जिथे जमिनीखालचे पाणी खारे आहे. वर काळी कसदार माती, शेकडो फूट खोल, आणि तिच्या पोटात क्षार. विहीर खोदा, बोअर मारा, लागते ते खारेच. ते पिकाला दिले तर जमीन कडक होऊन बसते, म्हणून शेती सारी पावसावर. प्यायले तर तहान भागत नाही. मुतखडा तिथे घरटी आहे. माझा धाकटा साळा 2019 साली दोन्ही किडन्या जाऊन वारला, त्रेचाळीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी कागदावर पाण्याचे कारण लिहून दिले नाही. पण गावात कोणाला विचारा, तो विहिरीकडे बोट दाखवील.

सरकारने काही केलेच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. शहानूर धरणाचे पाणी नळाने अंजनगाव आणि दर्यापूरकडच्या गावांना येते, वान धरणाचे अकोट-तेल्हाऱ्याकडे जाते. पण नळ कधी येईल याचा भरवसा नाही, आणि कोणते धरण कोणी प्यावे यावर भांडणे आहेत. त्याच वर्षी, 2023 च्या एप्रिलमध्ये, बाळापूरच्या आमदारांनी वानच्या पाण्यावरच्या 69 गावांच्या योजनेची स्थगिती उठवा म्हणून खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पदयात्रा काढली होती. पेपरात त्याचे फोटो आले होते. लेकीने ती कात्रणे वहीत चिकटवून ठेवली होती, ती मला बसमध्ये दिसली.

गावात तिने काय केले ते सांगतो. चार विहिरी, एक हातपंप, एक नळ आणि एक आरओचा जार, अशा सात ठिकाणचे पाणी सात बाटल्यांत भरले. पेनासारखे एक मीटर पाण्यात बुडवून आकडा लिहिला. हे मीटर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवते. पिण्याच्या पाण्याचे जे भारतीय मानक आहे त्यात हा आकडा लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरे पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावा, असे ठरलेले आहे. आमच्या आळीतल्या विहिरीत तो 2000 च्या पुढे गेला. आळीतल्या बाया भोवती जमल्या होत्या. एक म्हणाली, "मशीन कायले पाह्यजे बाई, माह्या जिभेले इचार ना."

मग तिने अंगणात काळे जाड कागद मांडले आणि प्रत्येकावर एकेका बाटलीतले पाणी ओतून ते उन्हात वाळू दिले. पाणी उडून गेले की कागदावर पांढरे डाग राहत. नळाच्या पाण्याचा पुसटसा. हातपंपाचा रांगोळीसारखा फुललेला. आमच्या विहिरीच्या पाण्याने तर कागदावर असे काही चित्र उमटवले की मी खाली बसून पाहत राहिलो. काठाला दाट, मधे विरळ, नदीला फुटलेल्या नाल्यांसारख्या बारीक रेघा. कोणत्याही ब्रशने ते जमले नसते. माझ्या तर नाहीच.

"हे कागद मी स्कॅन करनार," लेक म्हणाली, "आन् चित्राच्या खालचा थर हाच ठेवनार. वर मी काढलेलं. म्हन्जे खारं पानी स्वतःच चित्र काढीन."

लेयर म्हणतात त्याला. काचेवर काच ठेवावी तसे एकावर एक चित्राचे थर, हवा तो उचलावा, हवा तो फिका करावा. मला ते लगेच समजले, कारण आम्ही तरी दुसरे काय करत होतो? आधी अस्तर, मग सावली, मग अंगाचा रंग, मग उजेड. फक्त आमचा खालचा थर पुन्हा वर काढता येत नसे.

त्या रात्री सासूबाई अंगणात बाजेवर बसून बोलत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण आठवण पक्की. नातीने विचारले, "आजी, तुह्या लहानपनी बी पानी असंच खारं व्हतं का?"

"आपलं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "गावाचं नव्हतं."

मग त्यांनी सांगितले. नाल्याकाठी एक विहीर होती, पावसाचे पाणी झिरपून तिला गोडे पाणी येई. ती वरच्या आळीची. आपल्या बायांनी काठापासून दूर उभे राहायचे, कोणी दया येऊन वरतून घागरीत पाणी ओतले तर ओतले. उन्हाळ्यात कोणी ओतत नसे. मग आपल्या आळीतल्या खाऱ्या विहिरीचे पाणी फडक्यातून गाळून प्यायचे. डाळ शिजत नसे त्या पाण्यात. "जमीन साऱ्याइले सारखीच खारी व्हती बाई," त्या म्हणाल्या. "गोडं पानी कोनाले भेटीन, ते मान्सं ठरवत."

लेक लिहून घेत होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडे पाहिले, आणि तिला तिचे चित्र सापडले हे मला कळले. माझ्या धंद्यातला तेवढा अनुभव मला आहे.

त्यानंतर सहा महिने तिने त्या मालिकेवर काम केले. सहा चित्रे झाली. पहिल्यात पूर्णेचा नकाशा, त्या वाळलेल्या क्षाराचाच. दुसऱ्यात आरओचे यंत्र: जेवढे पाणी ते गोड करते त्याच्याबरोबर अधिक खारे झालेले पाणी मागच्या नळीने नालीत सोडते, ती नाली. सगळ्याच चित्रांविषयी सांगत बसत नाही. दर आठवड्याला ती फोनवर चित्र पाठवी आणि मी माझे मत देई. आमचे वैर असे हळूहळू मिटत गेले. कधी ती जगातल्या चित्रकारांची माहिती सांगे. नागपूरचे सवी सावरकर, ज्यांनी अस्पृश्याच्या गळ्यातले मडके छापचित्रांतून जगापुढे मांडले. सिद्धेश गौतम, जे संगणकावरच बाबासाहेबांची आणि चळवळीची चित्रे काढतात. मला सर्वांत आवडला तो अमेरिकेचा एमरी डग्लस. ब्लॅक पँथरच्या वृत्तपत्रात 1967 पासून तो चित्रे काढी. (आपली दलित पँथर 1972 ची, तिचे नाव त्यांच्यावरूनच पडले.) रंगीत छपाईला पैसा नसे, म्हणून काळा आणि जोडीला एखादाच रंग, रेघ जाड. लांबून वाचता यावी म्हणून जाड. हा माणूस आमच्याच जातकुळीचा पेंटर आहे असे मी तिला म्हणालो. ती खूप हसली.

पाचव्या चित्राने मात्र घोटाळा केला.

अकोल्यातून मोर्णा नदी वाहते, पुढे ती पूर्णेला मिळते. 2018 च्या जानेवारीत हजारो अकोलेकरांनी नदीत उतरून जलकुंभी काढली होती, त्यात लेकही होती, शाळेकडून. तिच्या पाचव्या चित्रात मोर्णेचा काठ होता आणि काठावर फाटके फ्लेक्स. सगळ्या पक्षांचे, सगळ्या सणांचे. पुढाऱ्यांचे हसरे चेहरे चिखलात अर्धे बुडालेले. आणि त्यात एक निळा तुकडा, जयंतीचा. त्यावर बाबासाहेबांचा चेहरा नव्हता, फक्त 'हार्दिक शुभेच्छा' आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग.

2024 च्या फेब्रुवारीत आमच्या वस्तीतल्या जयंती समितीची बैठक झाली. यंदा कमानीवर फ्लेक्स नको, कापडावर चित्रे करू, असे लेकीचे म्हणणे मी मांडले आणि मोबाईलवर ही चित्रे दाखवली. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, तो कुजत नाही, जाळला तर विषारी धूर होतो, हेही सांगितले. केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी घातली आहे, पण आपण लावतो तो फ्लेक्स जाड, म्हणून तो सुटतो. एवढे सगळे मी पाठ करून गेलो होतो.

पाचवे चित्र आले आणि बैठक तापली. "म्हन्जे आमी जयंती करतो ते घान करतो काय?" एक कार्यकर्ता उठून म्हणाला. दुसरा म्हणाला, "साऱ्या गावाचे फ्लेक्स नदीत जातात, तुमच्या पोरीले आपलाच दिसला?" तिसऱ्याने तर पेंटरचा धंदा पुन्हा चालावा म्हणून हे नाटक असल्याचे सांगितले. ते मला लागले, कारण मनाच्या एका कोपऱ्यात ते थोडे खरेही होते.

एक जुने काका होते, गिरणीतून निवृत्त झालेले, ते शांतपणे बोलले. सहावे चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले होते. त्यात महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांवर उतरणाऱ्या बाया वऱ्हाडच्या, डोक्यावर गुंड, अंगावर आमच्याकडची लुगडी. अगदी पुढे पाण्यात बुडवलेली एक ओंजळ. एवढेच. काका म्हणाले, "पेंटरभाऊ, चित्र चांगलं हाय. पन ह्यात बाबासाहेब कुठी हायेत? जयंतीले आपल्या आयाबाया हार घेऊन येतात. त्याइनं हार कोनाले घालाव, हाताले?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्याने आयुष्यभर तो चेहरा रंगवला त्याला तो प्रश्न परका कसा वाटावा? घरी येऊन फोनवर लेकीला सांगितले तेव्हा ती चिडली. चेहऱ्याला हार घालायचा आणि पाण्याचे नावही काढायचे नाही, हेच तर चालले आहे, म्हणाली. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते पाण्यासाठी. तळ्यावरच्या हक्काचा खटला उच्च न्यायालयात 1937 साली निकाली निघाला, म्हणजे ओंजळभर पाण्याला दहा वर्षे. पुढे 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात असताना पाटबंधारे आणि वीज त्यांच्याकडे होती, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या हातून झाली. "हे कोन्या फ्लेक्सवर हाय, सांगा बाबा." मी म्हटले, बाई, काकाही चुकले नाहीत. तिने फोन ठेवला.

समितीने फ्लेक्सच लावायचे ठरवले. पण दहा कमी लावले, हेही नमूद करतो.

चित्राला जागा मिळाली ती आजीच्या गावात. तिथल्या विहाराची एक बाजूची भिंत कोरी होती. गावकऱ्यांनी सहावे चित्र पाहिले आणि त्यांचाही प्रश्न तोच, बाबासाहेब कुठे? या वेळी लेक वाद घालण्याआधी आजीकडे गेली. सासूबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून चित्र पाहिले.

"तोंड नाई दिसलं तरी चालते," त्या म्हणाल्या. "पाठ दाखव. तो कोनापुढं वाकला नाई, पान्यापुढं वाकला एकडाव. तसा काढ."

लेकीने त्या रात्रीच तो थर चढवला. पायरीवर वाकलेली पाठमोरी आकृती, अंगात कोट, ओंजळ आता त्याची. आणि मागच्या बाया त्याच्याच पावलावर उतरताना. मी हजारवेळा तो माणूस समोरून काढला होता. पाठीवरून तो ओळखू येईल असे मला कधी वाटलेच नव्हते. आला.

20 मार्च 2024 च्या संध्याकाळी, क्रांतिदिनालाच, काम सुरू केले. मास्तरांनी शाळेचा प्रोजेक्टर दिला. अंधार पडल्यावर चित्राचा उजेड भिंतीवर सोडायचा आणि त्यावरून खडूने रेघा ओढून घ्यायच्या, अशी लेकीची युक्ती. मला ती चोरी वाटली, पण मुकाट्याने खडू घेतला. निम्मे चित्र उतरले आणि गावातली वीज गेली. सगळे उजेडाची वाट पाहत बसले. तासाभराने मी उठलो, मोबाईलच्या उजेडात दोरी काढली, नीळ लावली आणि भिंतीवर चौकटी मारल्या. लेकीच्या फोनमधल्या चित्रावरही तेवढ्याच चौकटी पाडायला सांगितल्या. ती एकेक चौकट वाचून दाखवी, मी भिंतीवर उतरवी. वीज आली तेव्हा पहाट व्हायला आली होती आणि आम्हाला तिची गरज उरली नव्हती.

पुढचे भांडण निळ्यावरून. पडद्यावरचा निळा आतून उजेड टाकतो, डब्यातला टाकत नाही. तिला पडद्यासारखा हवा होता. तीन वेळा पुसला. शेवटी मी पांढऱ्या अस्तरावर पातळ निळ्याचे दोन हात दिले, की खालचा पांढरा वर झिरपावा. ती बराच वेळ बघत राहिली. "चालते," म्हणाली. बापाला एवढे बक्षीस पुरे.

लोकसभेची आचारसंहिता लागलेली होती, आमच्याकडे 26 एप्रिलला मतदान होते. ग्रामसेवक येऊन भिंतीपुढे उभे राहिले. "ह्यात पक्षाचं काई नाई ना?" त्यांनी विचारले. लेक शिडीवरून म्हणाली, "नाई साहेब, पानी हाय नुसतं." ते बरेच थांबले, आणि कोणत्या विहिरीचे, असे विचारून गेले. 14 एप्रिलला बायांनी हार आणले. ते कुठे घालावे हे कोणालाच कळेना. मग एकीने भिंतीच्या पायथ्याशी, ओंजळीच्या खाली ठेवला, आणि बाकीच्यांनी तिथेच ठेवले.

त्या मे महिन्यात ऊन असे पडले की अकोला जिल्ह्यात 25 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत उष्णतेमुळे कलम 144 लावावे लागले. गावात टँकर आला की भांडणे होत. त्यानंतर पाऊस चांगला झाला. ऑक्टोबरमध्ये सासूबाईंना भेटायला गेलो तर भिंतीच्या पायथ्याला, जिथे मी तळ्याचे पाणी रंगवले होते, तिथे लोणा लागलेला. जमिनीतली ओल क्षार घेऊन भिंतीत चढली होती. निळ्याचे पोपडे सुटले होते आणि आतून पांढरे मीठ फुलून आले होते. ओंजळीपर्यंत पोचायला वीतभर बाकी होते.

माझ्या मनाला फार लागले. खरवडून, क्षार धुऊन, ओलीला अडवणारा हात देऊन पुन्हा रंगवावे असे ठरवून मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, हात नका लावू. फोटो पाठवा, आन् दर महिन्याले एक पाठवत जा."

तेव्हापासून गावातला एक भाचा दर महिन्याच्या 20 तारखेला भिंतीचा फोटो पाठवतो आणि लेक तो आपल्या चित्रावर एकेक थर म्हणून चढवते. मीठ वर चढताना दिसते. मला ते अजून पटलेले नाही. भिंत ही राखायची वस्तू आहे, असेच माझे मत आहे, आणि प्रायमरचा डबा मी आणून ठेवलेला आहे. पण परवा अमरावतीला तिला भेटायला जायचे होते, तेव्हा आधी गावाकडे गेलो. खाली पडलेले पोपडे, एका बाजूने निळे आणि दुसऱ्या बाजूने पांढरे, तिने मागितले होते. तिच्या शाळेतल्या रंगपेटीचा रिकामा डबा घरात होता, त्यात ते कापसावर ठेवले आणि बदनेऱ्यापर्यंत डबा मांडीवर धरून बसलो.